दुसरा बॉम्ब : पंप बंद, टार्गेट धुरात, आणि थांबा म्हणायला कोणी नाही (९ ऑगस्ट १९४५ चं प्रकरण)

हिरोशिमा सगळ्यांना माहिती असतं, नागासाकी मात्र बहुतेक वेळा "आणि तीन दिवसांनी नागासाकीवरही" एवढ्या अर्ध्या वाक्यात उरकलं जातं. मी बरीच वर्षं प्लांट मेंटेनन्समध्ये काढलीत, त्यामुळे बिघाड झाला की कोणी काय ठरवलं, कधी ठरवलं, वर कोणाला विचारलं हे खणून काढायची सवय लागलीये, आणि त्याच सवयीने मी ९ ऑगस्टची ही फ्लाइट वाचायला घेतली. वाचताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्या एका रात्री-सकाळीत लहानमोठे डझनभर निर्णय झाले, पंप चालत नाहीये तरी निघायचं का, किती वेळ वाट बघायची, अजून एक फेरी मारायची का, पण "दुसरा बॉम्ब आज टाकायचाच का" हा प्रश्न त्या आठवड्यात कोणी समोर ठेवून सोडवलाय असं दिसतच नाही. त्याचं उत्तर दोन आठवडे आधीच एका ऑर्डरच्या एका ओळीत देऊन झालं होतं.

विमानातल्या माणसांची नावं जगजाहीर आहेत, तरी मी त्यांना इथे हुद्द्यानेच बोलावणार आहे. नाव आलं की तो माणूस चांगला की वाईट यावर आपण लगेच घसरतो आणि निर्णय राहतो बाजूला. वेळा सगळ्या जपानच्या घड्याळाच्या.

पार्श्वभूमी

१९४५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेकडे दोन जातीचे बॉम्ब तयार होत होते. एक युरेनियमचा, तो चालणारच याची इतकी खात्री होती की त्याची चाचणीही घेतली नाही, ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठला तोच हिरोशिमावर पडला. दुसरा प्लुटोनियमचा, साधारण ६ किलो प्लुटोनियमचा गोळा चारी बाजूंच्या स्फोटकांनी एकाच क्षणी आत दाबायचा, हे सगळं प्रकरण इतकं नाजूक की त्याची चाचणी घ्यावीच लागली, १६ जुलैला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात. वजन साडेचार टनांच्या वर, आकार भोपळ्यासारखा गरगरीत.

टार्गेटची यादी करायला एक समिती होती, तिने मे महिन्यात क्योटो, हिरोशिमा, योकोहामा आणि कोकुराचा शस्त्रकारखाना अशी नावं काढली. क्योटो युद्धमंत्री स्टिमसन यांनी स्वतः काटलं, ते शहर त्यांनी पूर्वी पाहिलेलं होतं, तिथलं सांस्कृतिक महत्त्व त्यांना माहीत होतं, आणि प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्हज क्योटोसाठी पुन्हा पुन्हा आग्रह धरत राहिले तरी ते हलले नाहीत. मग जुलैच्या शेवटी मसुद्यात हाताने लिहून एक नाव घुसवलं गेलं, नागासाकी. टार्गेट म्हणून ते फार बरं नव्हतंच, डोंगरांनी तुकडे पाडलेलं शहर, आधी साध्या बॉम्बहल्ल्यांत मार खाल्लेलं, म्हणजे समितीला जे मोकळं सपाट, धक्का न लागलेलं शहर हवं होतं त्याच्या बरोबर उलट.

२५ जुलैची ऑर्डर या प्रकरणाचा कणा आहे. हवाई दलाच्या जनरल स्पाट्झ यांना दिलेल्या त्या पानात म्हटलंय की साधारण ३ ऑगस्टनंतर हवामान बघून, डोळ्यांनी टार्गेट दिसेल अशा वेळी, हिरोशिमा, कोकुरा, निगाता, नागासाकी यातल्या एकावर पहिला बॉम्ब टाका, आणि पुढचे बॉम्ब जसे तयार होतील तसे याच टार्गेटांवर टाका. तयार होतील तसे! म्हणजे पहिल्या बॉम्बनंतर थांबून समोरचा काय करतोय ते बघू, मग ठरवू, अशी पायरीच त्यात नाही. एका शहरासाठी आणि त्यानंतरच्या सगळ्या शहरांसाठी परवानगी एकच.

आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन आपल्या डायरीत लिहीत होते की टार्गेट लष्करी ठेवायला सांगितलंय, बायकामुलं नाहीत. ही दोन पानं शेजारी ठेवली की खरंच पोटात कालवतं.

अजून एक गोष्ट याच काळातली. ३१ जुलैला स्पाट्झ यांच्या मुख्यालयातून वॉशिंग्टनला तार गेली की नागासाकी शहराच्या मध्यापासून मैलभर उत्तरेला आपल्या बाजूच्या युद्धकैद्यांची छावणी असल्याची माहिती आहे, फोटोवरून खात्री झालेली नाही, पण टार्गेट निवडताना याचा विचार करायचा का? उत्तर आलं, टार्गेट ठरल्याप्रमाणेच राहतील. शंका वर गेली, उत्तरही आलं, कागद पूर्ण, फाइल बंद. छावणी खरंच होती तिथे.

अडचण कुठून सुरू झाली

दुसरा बॉम्ब खरं तर ११ ऑगस्टला टाकायचा होता. हवामानाचा अंदाज आला की १० पासून चार-पाच दिवस ढग असणार, म्हणून तारीख ओढून ९ वर आणली. यात "का" विचारलं तर उत्तर एकच मिळतं, आकाश. जपान शरण येतोय का, हिरोशिमातून काय बातम्या येतायत, सोव्हिएत रशिया काय करतोय, यातलं काहीही या दोन दिवसांच्या हिशोबात नव्हतं.

घाई झाली की काय होतं ते कुठल्याही कारखान्यातला माणूस सांगेल. प्रशांत महासागरातल्या टिनियन बेटावर, जिथून ही विमानं उडायची, बॉम्बची जुळणी चालू असताना रात्री एका तरुण नौदल अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की आतली एक महत्त्वाची केबल उलटी बसलीये, जोडायला गेलं तर दोन्ही बाजूला एकाच जातीचे प्लग समोरासमोर येतात. नियमाने जायचं तर अर्धा बॉम्ब उकलून केबल फिरवायची, त्यात एक दिवस जाणार, आणि हवामानाची खिडकी निसटणार. त्याने एक टेक्निशियन हाताशी घेतला, दार उघडं ठेवून लांबून एक्स्टेन्शन ओढलं, सोल्डरिंग गन आणली आणि स्फोटकांच्या शेजारी बसून प्लग काढून अदलाबदल करून परत डाग मारले. जिथे उष्णता निर्माण करणारी कुठलीही वस्तू आणायला सक्त मनाई होती त्याच खोलीत. हे त्याने स्वतः पुढे लिहून ठेवलंय. मी वाचताना दोनदा थांबलो, कारण "आत्ता उघडलं तर उशीर होईल, असंच निभावून नेऊ" हे वाक्य मी शिफ्टवर इतक्यांदा ऐकलंय, आणि स्वतः बोललोही आहे.

मग विमान. मुख्य पायलटच्या नेहमीच्या विमानात हिरोशिमाच्या वेळची मोजमापाची यंत्रं अजून बसवलेली होती, ती काढून दुसरीकडे लावण्यापेक्षा दोन क्रूंनी विमानं बदलून घेतली, म्हणून बॉम्ब चढला "बॉक्सकार" नावाच्या बी-२९ या बॉम्बफेकी विमानात. पहाटे निघायच्या आधी फ्लाइट इंजिनिअरला दिसलं की राखीव टाकीतलं पेट्रोल ओढणारा पंप चालत नाहीये. त्या टाकीत ६०० गॅलनच्या वर पेट्रोल, म्हणजे दोन हजार लिटरहून जास्त, वापरता येणार नाही आणि खाली करताही येणार नाही, तेवढं वजन नुसतं जपानपर्यंत वाहून न्यायचं आणि परत आणायचं.

पहिला निर्णय : निघायचं की नाही

पर्याय तीन होते. पंप दुरुस्त करायचा, त्याला काही तास. बॉम्ब दुसऱ्या विमानात हलवायचा, त्यालाही काही तास, शिवाय हा बॉम्ब हिरोशिमाच्या बॉम्बसारखा नव्हता, तो हवेत गेल्यावर भरून तयार करता आला होता, हा जमिनीवरच पूर्ण जुळवलेला, याला हलवायचं म्हणजे सगळ्यांनी श्वास रोखून धरायचा. किंवा आहे तसं निघायचं. पेट्रोलचा हिशोब कागदावर बसत होता, मधे कुठे वेळ वाया गेला नाही तर.

ग्रुपच्या कमांडरने निर्णय पायलटवर सोपवला. पायलट म्हणाला जाऊ. पावणेतीनच्या सुमाराला विमान उडालं.

मला इथे पायलटला दोष द्यावासा वाटत नाही. पण एक गोष्ट नीट बघा, पंप बंद आहे ही बातमी मिशनच्या इतर अटींपर्यंत पोचलीच नाही. पेट्रोल कमी झालं तर वाट बघायची वेळ कमी करायला हवी, टार्गेटवर जास्तीत जास्त फेऱ्या किती ते ठरवायला हवं, आणि टार्गेट दिसलंच नाही तर बॉम्बचं काय करायचं हेही. यातलं काही बदललं नाही. एक आकडा बदलला आणि बाकी प्लॅन तसाच. मेंटेनन्सच्या भाषेत सांगायचं तर डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्यापेक्षा वेगळं चालवायची सूट, मंजूर झालं, पण त्याच्यामुळे पुढे काय काय बदलतं ते कोणी लिहिलंच नाही.

दुसरा निर्णय : याकुशिमावर वाट

तीन विमानांनी जपानच्या क्युशू बेटाच्या दक्षिणेला याकुशिमा बेटावर भेटायचं होतं. बॉम्बचं विमान, मोजमापाचं विमान आणि फोटोचं विमान. ऑर्डर स्पष्ट, १५ मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही. मोजमापाचं विमान वेळेत आलं. फोटोचं आलं नाही, ते भलत्याच उंचीवर घिरट्या घालत होतं, आणि रेडिओवर बोलायला बंदी.

पायलट ४० मिनिटांच्या वर थांबला.

आणि यातली सगळ्यात वाईट वाटणारी गोष्ट अशी की त्या फोटोच्या विमानातला वेगवान कॅमेरा चालवायला जो शास्त्रज्ञ नेमला होता तो विमानात नव्हताच, त्याच्याकडे पॅराशूट नाही म्हणून निघतानाच त्याला धावपट्टीवर उतरवून ठेवलं होतं. म्हणजे पेट्रोल जळत होतं ते कॅमेरा चालवणाऱ्याशिवाय निघालेल्या विमानासाठी. अर्थात हे पायलटला याकुशिमावर घिरट्या घालताना कळायची सोय नव्हती, पण १५ मिनिटं ही मर्यादा कोणीतरी विचार करूनच घातली असणार ना? पंप चालू असतानाची ती मर्यादा, पंप बंद असताना तर ती अजून आवळायला हवी होती, ती तिप्पट सैल झाली.

दरम्यान हवामानाची विमानं पुढे गेली होती, त्यांचा निरोप आला की कोकुरावर आकाश बऱ्यापैकी स्वच्छ आहे. निरोप त्या मिनिटापुरता खरा होता.

तिसरा निर्णय : कोकुरावर किती फेऱ्या

पावणेदहाच्या सुमाराला विमान कोकुरावर पोचलं तेव्हा खाली धूर आणि धुरकं. आदल्याच दिवशी, ८ ऑगस्टला, शेजारच्या यावाता या पोलाद कारखान्याच्या शहरावर दोनशेच्या वर बी-२९ विमानांनी आगीचे बॉम्ब टाकले होते, तिथला धूर वाऱ्याने कोकुरावर आला असं बहुतेक जण मानतात. पोलाद कारखान्यातल्या लोकांनी मुद्दाम डांबर जाळून धूर केला असंही तिथल्या एका जुन्या कामगाराने म्हातारपणी सांगितलंय. ढग पण होते. काहीही असो, बॉम्बार्डियरला, म्हणजे नेम धरून बॉम्ब सोडणाऱ्याला, नदी दिसली, इमारती दिसल्या, पण शस्त्रकारखाना काही दुर्बिणीत येईना.

नियम हा की डोळ्यांनी टार्गेट दिसल्याशिवाय सोडायचा नाही. पहिली फेरी, नाही. दुसरी फेरी दुसऱ्या दिशेने, नाही. खालून तोफांचे गोळे जवळ जवळ फुटायला लागले, जपानी लढाऊ विमानं वर चढताना दिसली. तिसरी फेरी, नाही. पाऊण तास गेला.

बघा, नियम पाळला म्हणून कोकुरा वाचलं. हेही लिहायला पाहिजे, कारण आपण फक्त मोडलेले नियम मोजतो. "डोळ्यांनी बघूनच" ही अट काही माणुसकीसाठी घातलेली नव्हती, एवढा महागाचा बॉम्ब चुकीच्या जागी वाया जाऊ नये आणि परिणाम नीट मोजता यावा म्हणून घातलेली होती, पण बॉम्बार्डियरने ती तीन वेळा पाळली आणि खाली एक अख्खं शहर, त्यातल्या कोणालाच पत्ता नसताना, जेवायच्या वेळेलाही जिवंत होतं. जपानमध्ये "कोकुराचं नशीब" असं म्हणतात. ते नशीब दुसऱ्या कोणाच्या वाटणीचं होतं.

चौथा निर्णय : नागासाकी

साडेदहाच्या आसपास विमान नैऋत्येला वळलं. आता पेट्रोलचा हिशोब सरळ होता, टिनियनला परत जाणं शक्य नाही, अमेरिकेच्या ताब्यात आलेल्या ओकिनावा बेटापर्यंत जेमतेम पोचता येईल, तेही नागासाकीवर एकच फेरी मारली तर. आणि नागासाकीवरही ढग.

आता पर्याय मोजा. बॉम्ब घेऊन ओकिनावाला उतरायचं, साडेचार टन जास्त वजन आणि पेट्रोल संपत आलेलं, समुद्रात पडायची शक्यता मोठी, उतरलंच तर पूर्ण तयार अण्वस्त्र घेऊन धावपट्टीवर आदळण्याची भीती. बॉम्ब समुद्रात सोडून द्यायचा, म्हणजे माणसं वाचतील, विमान वाचेल, बॉम्ब जाईल. किंवा नियम मोडून रडारवर नेम धरायचा. किंवा ढगात भोक सापडेल अशी आशा.

शस्त्रप्रमुख, जो नौदलाचा कमांडर होता आणि बॉम्बची जबाबदारी ज्याच्यावर होती, त्याने ठरवलं की रडारवर जायचं. पायलटने मान्य केलं. डोळ्यांनी बघूनच सोडायचं ही वरून आलेली लेखी अट अशी विमानातल्या दोघांनी हवेत बदलली, वर विचारायला ना वेळ होता ना रेडिओ. त्यांच्या जागी बसून विचार केला तर समजतं, इतकी वर्षं लागून बनलेली गोष्ट, सगळ्यांचे जीव टांगणीला लावून इथपर्यंत आणलेली, ती पाण्यात टाकायची? "आता एवढं आलोच आहोत तर" हे आपण किती सहज म्हणतो.

अगदी शेवटच्या क्षणी बॉम्बार्डियर ओरडला की भोक सापडलं, दिसतंय. त्याने नेम हातात घेतला आणि बॉम्ब सुटला.

परिणाम

नागासाकीत सकाळी आठच्या आधी भोंगा झाला होता, साडेआठला इशारा मागे घेतला गेला. लोक खंदकांतून बाहेर येऊन कामाला लागले होते. अकराच्या जरा आधी दोनच विमानं दिसली तेव्हा टेहळणीची असतील म्हणून फारसं कोणी हललं नाही.

११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब जमिनीपासून साधारण ५०० मीटर वर फुटला, ताकद सुमारे २१ हजार टन टीएनटी, पण ठरलेल्या जागेपासून जवळपास ३ किलोमीटर वायव्येला, उराकामी नावाच्या खोऱ्यावर. नेम बंदराजवळच्या शहरावर होता. उराकामीत मित्सुबिशीचे दोन मोठे कारखाने होते हे खरं, एक पोलाद आणि शस्त्रांचा, दुसरा टॉर्पेडोचा, त्यामुळे पुढे कागदावर टार्गेट बरोबर बसलं असं म्हणता आलं. पण त्या खोऱ्यात अजून काय काय होतं? मेडिकल कॉलेज आणि त्याचं हॉस्पिटल, जिथे शेकडो शिक्षक, विद्यार्थी, नर्स आणि पेशंट गेले. तुरुंग, त्यातलं कोणी वाचलं नाही. शिरोयामा शाळा, जिची १४०० च्या आसपास मुलं मेली, बहुतेक आपापल्या घरी. आणि उराकामीचं चर्च, स्फोटाच्या जागेपासून अर्धा किलोमीटरवर. या खोऱ्यातले ख्रिश्चन म्हणजे अडीचशे वर्षं बंदी असताना लपून प्रार्थना करत आलेल्यांचे वंशज, १२ हजारांपैकी साधारण साडेआठ हजार त्या दिवसात आणि त्यानंतर गेले. कोरियातून आणलेले मजूर होते. आणि ती युद्धकैद्यांची छावणी, जिच्याबद्दल तार गेली होती, तिथले डच आणि ब्रिटिश कैदीही मेले.

१९४५ च्या अखेरपर्यंत मृतांचा आकडा सुमारे ७४ हजार, जखमी जवळपास तेवढेच. मधल्या डोंगरांनी धक्का अडवला म्हणून शहराचा दुसरा भाग उभा राहिला, बॉम्ब ठरलेल्या जागी पडला असता तर आकडा वेगळा असता, कमी की जास्त यावर मी बोलणार नाही, तो हिशोब मांडायला माझा हात धजत नाही.

विमान एकच्या सुमाराला ओकिनावाला पोचलं, कंट्रोल टॉवर उत्तर देईना म्हणून त्यांनी जवळचे सगळ्या रंगांचे फ्लेअर हवेत उडवले आणि सरळ उतरले, उतरता उतरता एक इंजिन पेट्रोलअभावी बंद पडलं. वरिष्ठ नाराज होते, चौकशीची भाषा झाली, पुढे काही झालं नाही. युद्ध संपलं, आणि संपलेल्या युद्धात कोणी फाइल उघडत नाही.

टोकियोत काय झालं ते पण इथेच सांगतो. ९ तारखेला मध्यरात्रीनंतर सोव्हिएत फौजा मंचुरियात घुसल्या होत्या. सकाळी साडेदहाला जपानच्या सर्वोच्च युद्ध समितीची बैठक सुरू झाली, म्हणजे कोकुरावरून विमान वळत होतं तेव्हा शरणागतीवर चर्चा चालूच होती. नागासाकीची बातमी बैठकीच्या मधे आली. बातमीच्या आधीही मतं तीन विरुद्ध तीन, नंतरही तीन विरुद्ध तीन. रात्री सम्राटासमोर विषय गेला आणि कोंडी फुटली, १५ ऑगस्टला रेडिओवर घोषणा. हिरोशिमा, सोव्हिएत हल्ला आणि नागासाकी यातलं कशाने किती काम केलं यावर इतिहासकार अजून भांडतायत. पण हिरोशिमाचा आणि रशियाचा परिणाम बघायला मधे जेमतेम जागाच ठेवली नव्हती, हे मात्र तारखा बघूनच कळतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं सोपं. पंप बंद तर त्याला लागून तीन अटी लिहायच्या, वाट १५ मिनिटं म्हणजे १५, कोकुरावर फेऱ्या किती ते आधीच ठरलेलं, आणि त्यापुढे बॉम्ब परत आणायचा की समुद्रात टाकायचा हेही निघायच्या आधी ठरलेलं. कठीण प्रश्न दमलेल्या, घाबरलेल्या माणसांवर हवेत सोडायचा नसतो. त्या दोघांनी जे ठरवलं ते चूक की बरोबर हे बाजूला ठेवू, तो प्रश्न त्यांच्यापर्यंत यायलाच नको होता.

पण हे सगळं नीट केलं असतं तर काय, फ्लाइट नीट झाली असती आणि बॉम्ब कोकुरावर पडला असता. म्हणून मला खरा निर्णयबिंदू पंप वाटतच नाही. तो २५ जुलैचा "तयार होतील तसे" आहे. प्रत्येक बॉम्बला वेगळी परवानगी लागेल एवढं एक वाक्य पुरलं असतं. आणि हे मागाहून सुचलेलं शहाणपण आहे असं कोणी म्हणू नये, कारण नेमकं हेच वाक्य १० ऑगस्टला लिहिलं गेलं. ग्रोव्हज यांनी कळवलं होतं की पुढचा बॉम्ब १७-१८ ऑगस्टनंतर टाकायला तयार असेल, त्यावर लष्करप्रमुख जनरल मार्शल यांनी हाताने शेरा मारला की राष्ट्राध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय जपानवर टाकायचा नाही. त्याच दिवशी मंत्रिमंडळात ट्रुमन म्हणाले की आणखी एक लाख माणसं पुसून टाकायची कल्पना सहन होत नाही, ती सगळी लहान मुलं... हे तेव्हाचे वाणिज्यमंत्री वॉलेस यांनी डायरीत टिपून ठेवलंय. म्हणजे थांबवायची यंत्रणा उभी करायला एक पेन आणि एक ओळ लागली. ती एक दिवस उशिरा आली. तिसरा गोळा अमेरिकेतून निघालाच नाही.

तारीख ओढतानाही एक थांबा होता. ११ ची ९ करताना कोणीतरी विचारू शकलं असतं की या दोन दिवसांवर अजून काय काय अवलंबून आहे. कारण अवलंबून होतंच. हिरोशिमानंतर ठरलं होतं की जपानी शहरांवर पत्रकं टाकायची, नवा बॉम्ब काय आहे, हिरोशिमाचं काय झालं ते विचारून बघा, शहरं सोडून जा, असा मजकूर. छपाई, पत्रकं टाकायच्या डब्यांचा तुटवडा, कुठल्या शहरावर कधी, या सगळ्यात ते काम आपल्या गतीने चाललं होतं आणि बॉम्बचं काम आपल्या गतीने, दोघांचं वेळापत्रक एका टेबलावर आलंच नाही. नागासाकीच्या वाट्याची पत्रकं १० ऑगस्टला पडली.